शँटेल्स : शाळेच्या गायकवृंदातील पाच मुली

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागात पादुआच्या संत अंतोनीच्या नावाने चालणारी एक धर्मग्रामीय शाळा होती. या शाळेच्या गायकवृंदात लहानाच्या मोठ्या झालेल्या पाच मुलींनी १९५७ साली एक गीत ध्वनिमुद्रित केले आणि काही आठवड्यांतच ते अमेरिकेतील घरोघरच्या रेडिओवर ऐकू येऊ लागले. त्या वेळी त्यांच्यातील सर्वांत धाकटी चौदा वर्षांची, तर थोरल्या सतराच्या आत-बाहेर होत्या. आर्लीन स्मिथ, सोनिया गोरिंग, लोइस हॅरिस, जॅकी लँड्री आणि रेने मायनस ही त्यांची नावे. पाचही जणी कृष्णवर्णीय कुटुंबांतील. जगाने त्यांना ‘शँटेल्स’ या नावाने ओळखले.

अमेरिकेच्या लोकप्रिय संगीताच्या इतिहासात या पाच मुलींना मानाचे स्थान आहे. त्यांच्या यशाची गोष्ट ऐकावयास गोड आहे. परंतु त्या यशाचे फळ कोणाच्या पदरात पडले, हा प्रश्न विचारल्यावाचून ती पुरी होत नाही. ज्यांची मुले-मुली रविवारी चर्चमध्ये गातात, अशा प्रत्येक घराने ती समजून घ्यावी, म्हणून ती येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

नावाची कथा

मंडळाचे नाव कसे पडले, याची हकीगत मनोरंजक आहे. ब्राँक्समध्येच संत फ्रान्सिस द शांताल हिच्या नावाची दुसरी एक कॅथोलिक शाळा होती आणि बास्केटबॉलच्या खेळात ती संत अंतोनीच्या शाळेची प्रतिस्पर्धी होती. या शाळेच्या नावावरून मुलींनी आपल्या मंडळाचे नाव घेतले. अमेरिकन उच्चारात ‘शांताल’चे ‘शँटेल’ झाले.

ही संत जेन फ्रान्सिस द शांताल कोण, हेही वाचकांना ठाऊक असावे. फ्रान्समधील दिजाँ येथे १५७२ साली तिचा जन्म झाला. ती संसारी स्त्री होती, चार मुलांची आई होती. पतीच्या अपघाती मृत्यूनंतर संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या मार्गदर्शनाखाली तिने १६१० साली आनसी येथे ‘व्हिजिटेशन’ या धर्मभगिनींच्या संघाची स्थापना केली. १६४१ साली ती प्रभुवासी झाली आणि १७६७ साली तिला संतपद देण्यात आले. सतराव्या शतकातील एका विधवा मातेचे नाव तीनशे वर्षांनंतर न्यूयॉर्कच्या नाचगाण्यांच्या तबकड्यांवर छापले जावे, हा योगायोग विलक्षण खरा.

गायकवृंदाची शिकवण

त्या काळच्या कॅथोलिक शाळांत ग्रेगोरियन गायन शिकविण्याचा प्रघात होता. परमगुरू दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चसंगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान देऊन ते सर्वसामान्य भाविकांच्या मुखी पुन्हा यावे, अशी इच्छा व्यक्त केली होती. त्याचा परिणाम जगभरच्या धर्मग्रामांवर झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वीची लॅटिन मिस्सा आपल्याकडील ज्या वृद्ध मंडळींना आठवत असेल, त्यांना ही गायनपद्धती परकी वाटणार नाही.

या गायनाला तालाचा ठेका नसतो. शब्दांच्या ओघाप्रमाणे स्वर पुढे सरकतो. म्हणून गाणाऱ्यांना एकमेकांच्या श्वासाकडे सतत कान द्यावा लागतो. कोणी आधी थांबून चालत नाही, कोणी मागे रेंगाळून चालत नाही. शब्दाच्या अखेरचा स्वर सर्वांनी एकाच क्षणी सोडावयाचा असतो. आपला आवाज कितीही सुरेल असला तरी तो इतरांच्या आवाजात मिसळून टाकणे, हीच या गायनाची पहिली शिस्त होय. या पाच मुली लहानपणापासून वर्षानुवर्षे ही शिस्त शिकत होत्या. लॅटिन स्तोत्रे गाता गाता स्वरांची अदलाबदल करणे आणि आळीपाळीने वरचा-खालचा भाग उचलणे त्यांच्या अंगवळणी पडले होते. आर्लीनला याखेरीज पाश्चात्त्य शास्त्रीय गायनाचेही शिक्षण मिळाले होते.

शाळेबाहेर मात्र निराळेच संगीत घुमत होते. त्या दिवसांत न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत तरुण मुले रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिन्याखाली, भुयारी रेल्वेच्या स्थानकात उभी राहून वाद्यांवाचून गात. एकाने मुख्य गीत म्हणावे, बाकीच्यांनी निरर्थक अक्षरांची साथ करावी आणि एका भारदस्त आवाजाने खालचा खर्ज धरावा, अशी त्या गायनाची रीत होती. ब्राँक्समधील ‘कॉर्ड्स’ या मुलांच्या मंडळाचे ‘श-बूम’ हे गीत १९५४ साली देशभर गाजले होते. शँटेल्स मुलींपाशी पुरुषी खर्ज नव्हता. परंतु त्यांच्यापाशी गायकवृंद होता. रस्त्यावरचे गाणे त्यांनी चर्चमध्ये शिकलेल्या रीतीने म्हटले आणि त्यातून एक नवाच ध्वनी निर्माण झाला.

‘मेबी’

‘व्हॅलेंटाइन्स’ नावाच्या मंडळाचा गायक रिचर्ड बॅरेट याने या मुलींचे गाणे ऐकले आणि त्यांना जॉर्ज गोल्डनर या तबकडी-उत्पादकाकडे नेले. गोल्डनरने १९५७ साली ‘एंड’ नावाची नवी तबकडी-कंपनी काढली होती. शँटेल्सची पहिली तबकडी ‘ही’ज गॉन’ त्याच वर्षी निघाली आणि तिला बेताचे यश मिळाले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ‘मेबी’ हे गीत गायिले. मेबी म्हणजे ‘कदाचित’. आपला दुरावलेला प्रियकर परत यावा म्हणून रोज रात्री देवाची प्रार्थना करणाऱ्या मुलीचे हे गीत आहे. ध्वनिमुद्रणासाठी निवडलेली जागा मॅनहॅटनमधील एक जुने चर्च होते. त्या इमारतीत फेरफार करून तेथे ध्वनिमुद्रणाची सोय केलेली होती. उंच छताखाली आवाज घुमतो आणि किंचित रेंगाळतो. ज्या मुलींचा गळा चर्चमध्येच तयार झाला होता, त्यांना ही जागा घरच्यासारखी वाटली असल्यास नवल नाही. आरंभी पियानोचे स्वर घंटेसारखे वाजतात आणि त्यांवर सोळा वर्षांच्या आर्लीनचा आवाज उंच चढत जातो. त्यात विनवणी आहे, व्याकुळता आहे, पण आक्रस्ताळेपणा नाही. मागे चौघी जणी तिला साथ करतात.

डिसेंबर १९५७ मध्ये तबकडी बाजारात आली. १९५८ च्या प्रारंभी ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाच्या देशव्यापी लोकप्रिय गीतांच्या यादीत ती पंधराव्या स्थानी पोहोचली. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ यादीत तर तिने दुसरे स्थान मिळविले. त्याच वर्षी आलेल्या ‘एव्हरी नाइट’ या गीतानेही देशव्यापी यादीत प्रवेश केला. त्यातही रात्रीच्या प्रार्थनेचाच विषय आहे.

त्यापूर्वी काही महिने, १९५७ च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्कच्याच पूर्व हार्लेममधील ‘बॉबेट्स’ या अकरा ते पंधरा वर्षांच्या पाच मुलींचे ‘मिस्टर ली’ हे गीत गाजले होते. मुळात ते त्यांनी आपल्या शाळामास्तरांची थट्टा करण्यासाठी रचलेले होते. तबकडी काढताना कंपनीने शब्द बदलावयास लावले आणि थट्टेची स्तुती झाली. या दोन मंडळांनी व्यवसायाला एक गोष्ट दाखवून दिली. शाळकरी मुलींचा आवाजही बाजारात खपतो. पुढील पाच-सहा वर्षांत अमेरिकेत मुलींच्या गायनमंडळांची जी लाट उसळली, तिचा उगम येथे आहे.

चेहरा झाकला गेला

१९५८ साली ‘वुई आर द शँटेल्स’, म्हणजे ‘आम्ही शँटेल्स’, या नावाने त्यांच्या गीतांची मोठी तबकडी प्रसिद्ध झाली. मूळ वेष्टनावर या मुलींचे छायाचित्र होते. लवकरच ते वेष्टन मागे घेण्यात आले आणि त्याऐवजी नवे छापण्यात आले. नव्या चित्रात नाण्यावर चालणाऱ्या गाण्याच्या यंत्रापाशी उभी असलेली गौरवर्णीय मुलगा-मुलीची जोडी होती. शँटेल्स त्यात कोठेच नव्हत्या.

यामागचा हिशेब उघड होता. अनेक प्रांतांत गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा अद्याप वेगवेगळ्या होत्या. कृष्णवर्णीय मुलींचा आवाज गोऱ्या घरांत रेडिओवाटे शिरू शकत होता. दुकानाच्या दर्शनी भागात त्यांचे चेहरे मांडले तर विक्री घटेल, अशी विक्रेत्यांना धास्ती होती. ‘आम्ही शँटेल्स’ असे ज्यांनी नाव घेऊन सांगावे, त्यांचेच तोंड झाकून माल विकला गेला. आज ते मूळ वेष्टन संग्राहकांना मोठ्या किमतीचे वाटते.

पैशाचा व नावाचा हिशेब

या व्यवसायात पैशाचे दोन प्रवाह असत. एक गाणाऱ्याचा हिस्सा आणि दुसरा गीत रचणाऱ्याचा. गाणाऱ्याच्या हिश्शातून ध्वनिमुद्रणाचा, वादकांचा व इतर खर्च आधी वळता केला जाई. त्यामुळे तबकडी गाजली तरी हातात पडणारी रक्कम क्षुल्लक असे, कित्येकदा काहीच नसे. गीतकाराचा हिस्सा मात्र गीत जोवर वाजते तोवर चालू राहतो. पुढे कोणी तेच गीत गायिले तरी तो मिळतो. म्हणून गीताखाली कोणाचे नाव छापले जाते, यावर पुढील पिढ्यांचे उत्पन्न अवलंबून असते. हे व्यापाऱ्यांना पक्के माहीत होते आणि शाळकरी मुलांना मुळीच माहीत नव्हते.

‘मेबी’चे श्रेय अधिकृतपणे बॅरेटकडे गेले. त्या गीताच्या रचनेत आर्लीनचा वाटा होता, असे संगीताचे अनेक अभ्यासक मानतात, तथापि गीतकार म्हणून तिचे नाव लागले नाही.

गोल्डनरच्याच दुसऱ्या एका मंडळाची हकीगत न्यायालयापर्यंत गेली, म्हणून ती नोंदीस आहे. ‘टीनेजर्स’ या मुलांच्या मंडळाचे ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ हे गीत १९५६ साली जगभर गाजले. मुख्य गायक फ्रँकी लायमन तेव्हा तेरा वर्षांचा होता. गीतकार म्हणून त्याच्याबरोबर स्वतः गोल्डनरचे नाव लावण्यात आले. पुढे जुगाराच्या नादापायी गोल्डनरला आपल्या कंपन्या मॉरिस लेव्ही या व्यापाऱ्याला विकाव्या लागल्या, तेव्हा गीतावरील नावही लेव्हीकडे गेले. त्याच मंडळातील हर्मन सँटियागो व जिमी मर्चंट यांनी वयाची पन्नाशी गाठता गाठता न्यायालयात दाद मागितली. १९९२ साली पंचांनी मूळ गीत त्यांचे असल्याचा निर्णय दिला. परंतु १९९६ साली वरिष्ठ न्यायालयाने तो रद्द ठरविला, कारण असा दावा तीन वर्षांच्या मुदतीत करावयास हवा होता. मुले असताना जी तक्रार करण्याचे त्यांना सुचले नाही, ती प्रौढपणी करण्यास कायद्याने वाव ठेवला नाही. फ्रँकी लायमन तोवर हयातही नव्हता. मादक द्रव्याच्या आहारी जाऊन १९६८ साली, पंचविसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला होता.

मुलींच्या मंडळांचा अनुभव फारसा वेगळा नव्हता. न्यू जर्सीतील पसेइक येथील शाळेच्या मेळाव्यात गाऊन पुढे आलेल्या ‘शिरेल्स’ या चौघी जणी १९६१ च्या आरंभी देशव्यापी यादीत अग्रस्थानी पोहोचल्या. त्यांची मिळकत त्या एकवीस वर्षांच्या होईपर्यंत विश्वस्त निधीत सुरक्षित ठेवली आहे, असे आपणांस सांगण्यात आले होते, असे त्या गायिकांचे म्हणणे होते. १९६३ साली असा निधीच नसल्याचे त्यांना कळून आले. त्यांनी कंपनीवर दावा लावला, कंपनीने उलट दावा लावला आणि १९६५ साली तडजोड होऊन प्रकरण मिटले. उमेदीची दोन वर्षे कज्ज्यात गेली.

मंडळाचे पुढे काय झाले

शँटेल्सचा बहर दोन वर्षेच टिकला. १९५९ साली ‘एंड’ कंपनीने त्यांना सोडले. आर्लीन एकटी गाऊ लागली आणि लोइसने महाविद्यालयीन शिक्षणासाठी मंडळ सोडले. प्रसिद्धीच्या भरात असलेल्या मुलीने तबकड्यांपेक्षा पुस्तके निवडली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

उरलेल्या तिघींनी हार मानली नाही. ॲनेट स्मिथ या नव्या मुख्य गायिकेसह त्यांनी ‘कार्लटन’ या कंपनीसाठी ‘लुक इन माय आइज’ हे गीत गायिले. १९६१ साली ते देशव्यापी यादीत चौदाव्या स्थानी पोहोचले, म्हणजे ‘मेबी’च्याही एक पायरी वर. त्यानंतर कंपन्या बदलत गेल्या, लोकांची रुची बदलत गेली आणि १९७० साली मंडळ विसर्जित झाले.

गीत मात्र थांबले नाही. जॅनिस जॉप्लिन हिने १९६९ साली आपल्या तबकडीत ‘मेबी’ गायिले. १९७० साली ‘थ्री डिग्रीज’ या मंडळाने बॅरेटच्याच देखरेखीखाली ते पुन्हा लोकप्रिय केले. प्रत्येक वेळी गीतकाराचा हिस्सा निघाला. ज्या मुलीच्या गळ्याने ते गीत प्रथम जगाला ऐकविले, तिचा त्यात गायिका म्हणून काही अधिकार नव्हता.

आर्लीनने पुढे शिक्षण पुरे केले आणि ती ब्राँक्समध्येच शाळेत शिक्षिका झाली. १९९० च्या दशकात मूळ मंडळातील मैत्रिणी पुन्हा एकत्र येऊन गाऊ लागल्या. जॅकी लँड्री १९९७ साली कर्करोगाने निवर्तली. २००२ साली शँटेल्सची नोंद अमेरिकेतील ‘व्होकल ग्रुप हॉल ऑफ फेम’ या सन्मानसूचीत झाली. चाळीस वर्षांनंतरही या मैत्रिणी एकमेकींबरोबर गाऊ शकत होत्या. पैसा, छायाचित्र व श्रेय इतरांनी नेले, पण एकमेकींचा श्वास ओळखून गाण्याची जी विद्या त्यांना शाळेच्या गायकवृंदात मिळाली होती, ती कोणी नेऊ शकले नाही.

आपल्या घराशी संबंध

हा सारा प्रकार दूरदेशीचा असला तरी आपल्याला अपरिचित नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी व व्हायोलिन शिकलेली मुले पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जाऊन नाचाच्या वाद्यवृंदांत व चित्रपटसंगीतात नावारूपास आली. माजोर्डे गावच्या चर्चमधील गायनप्रमुखांचे चिरंजीव अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. मुंबईच्या चित्रपटसंगीतात त्यांनी वाद्यवृंदाची रचना बांधली, प्यारेलाल व राहुलदेव बर्मन यांच्यासारख्यांना शिकविले. तथापि अशा वाद्यवृंद-रचनाकारांची नावे त्या काळच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत क्वचितच झळकली. १९७७ सालच्या एका चित्रपटगीतातून ‘अँथनी गोन्साल्विस’ हे नाव घरोघरी पोहोचले, परंतु ते नाव एका खऱ्या संगीतगुरूचे आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक होते.

आज गावोगावी मुलांची गीते मोबाइलवर मुद्रित होतात, स्पर्धांत गायिली जातात, भक्तिगीतांचे संग्रह निघतात. कोणी कागद पुढे करील, कोणी नुसत्या शब्दावर काम भागवील. अशा वेळी आईबापांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भारतीय करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार बंधनकारक ठरत नाही. म्हणूनच सही पालकांकडून मागितली जाते आणि म्हणूनच जबाबदारीही पालकांवर येते. कागद आपल्या भाषेत समजावून घेतल्यावाचून सही करू नये. त्याची प्रत घरी ठेवावी. गीत मुलाने रचले असेल तर गीतकार म्हणून त्याचेच नाव लिहिले आहे ना, हे स्वतः पाहावे. आपल्या देशाचा स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा, म्हणजे ‘मेबी’च्याच वर्षीचा आहे. २०१२ साली त्यात जी दुरुस्ती झाली, तिच्या योगे चित्रपटात वा ध्वनिमुद्रिकेत घेतलेल्या गीताचा गीतकार व संगीतकार यांचा मोबदल्यातील समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. ही माहिती ब्राँक्सच्या त्या घरांना कोणी दिली असती तर किती बरे झाले असते!

आणि एवढ्यासाठी मुलांचे गाणे बंद करण्याचे मुळीच कारण नाही. त्यांना गायकवृंदात अवश्य पाठवावे, शिकवू द्यावे, रविवारी गाऊ द्यावे. त्यांच्या आवाजाला कोणी मोल सांगू लागला, तर त्या बोलण्याच्या वेळी मुलाशेजारी घरातील एक जाणते माणूस बसलेले असावे.